चोवीस हजार चारशे

कल्याणहून माळशेजकडे निघालेली एसटी मुरबाड, टोकावडे मागे टाकून वैशाखऱ्याच्या पुढे थांबते. सॅकवाला घोळका उतरतो आणि ‘नानाचा अंगठा’ म्हणतात त्या सुळक्याकडे बघत चालू लागतो. शहापूरच्या माहुलीचे सुळके किंवा गोरखगडाचा कातळटप्पा यांच्या मानाने नाणेघाट सोपा, म्हणूनच ठाणे-मुंबईच्या कित्येकांचा तो पहिला ट्रेक. पावसाळ्यात जुन्नरच्या बाजूने गाड्या थेट माथ्यावर येतात, पण चढल्याशिवाय हा घाट कळत नाही.

चढ ठाण्याचा, गुहा पुण्याच्या हद्दीत. गुहेत डबे उघडले की कुणीतरी छातीठोकपणे सांगतोच, भिंतीवर जकातीचा हिशेब आहे आणि वरचा दगडी रांजण त्या नाण्यांसाठी.

रांजणाचं खरं असेलही. भिंतीवरचा लेख मात्र जकातीचा नाही. तिथे जमा नाही, सगळा खर्च आहे! कुठे १,७०० गाई आणि १० हत्ती, कुठे ११,००० गाई आणि १,००० घोडे. सातवाहन राणीने (बहुतेक अभ्यासकांच्या मते नागनिकेने) यज्ञांत दिलेली ही दक्षिणा. मागच्या भिंतीवर राजघराण्याचे पुतळे होते, त्यांची आता जेमतेम पावलं उरली आहेत. वर कोरलेली नावं तेवढी टिकली.

कर्नल साइक्सने हा लेख एकोणिसाव्या शतकात विद्वानांपुढे आणला. नाणेघाटाच्या माहितीत त्याचं नाव हमखास येतं. पंडित भगवानलाल इंद्रजींचं क्वचितच, आणि हा अन्यायच आहे. जुनागढचा हा तरुण १८६१ साली डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याकडे मुंबईत आला आणि लेण्यालेण्यांतून लेखांचे ठसे घेत हिंडला. इंग्रजी बेताचं, त्यामुळे लिहायचा गुजरातीत. भाषांतर दुसरे करत. पुढे लायडन विद्यापीठाने त्याला सन्मान्य डॉक्टरेट दिली.

या लेखातल्या अंकांवर भगवानलालांनी स्वतंत्र निबंध लिहिला. दक्षिणेतली २४,४०० कार्षापण नाण्यांची रक्कमच घ्या. आपण पाच अंक लिहितो, कोरणाऱ्याने तीनच चिन्हांत काम भागवलं. हजाराच्या खुणेला वीस जोडले, पुन्हा हजाराच्याच खुणेला चार, मग शंभराच्या खुणेला चार. शून्य नाही, स्थानमूल्यही नाही. तरीही दोन हजार वर्षांनी रक्कम वाचता येते.

नाणेघाटातून उतरलेला माल सोपाऱ्याच्या बंदरात जाई. या वाटेचं ते टोकही भगवानलालांनीच खणलं. १८८२ साली सोपाऱ्याच्या बुरूड राजाच्या कोटात त्यांना स्तूप सापडला. त्याच्या पोटातल्या दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक, ब्राँझच्या आठ बुद्धमूर्ती आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं एक चांदीचं नाणं होतं.