पुसाटी बुरुजावर, हातात टेप घेऊन

पावसाळा सरल्यावर सहा आठवडे मी रोज सकाळी पन्हाळ्याच्या पुसाटी बुरुजावर जाऊन बसत होतो. खिशात शिंप्याची टेप आणि ‘केकावली’ची लहानशी प्रत. ती लिहिणाऱ्या मोरोपंतांचा जन्म याच गडावरचा, १७२९चा. म्हणून जवळ वाचायला तेच नेलं. दूर पाहायला समोर मसाईचं पठार होतंच. वय ४४, दोन्ही डोळ्यांना नंबर उणे पावणेदोन, आणि संध्याकाळ झाली की कपाळ ठणकायचं. डोळ्यांच्या व्यायामानं काय होतं ते मला स्वतः मोजून पाहायचं होतं.

प्रकार साधा. चष्मा लावूनच हात लांब करायचा, अंगठ्याच्या नखावर नजर ठरवायची, मग ती पठाराच्या कडेवरल्या एका झाडावर न्यायची. पुन्हा नख. असं वीस वेळा. सुरुवातीला झाड आधी पसरट दिसायचं, मग सावकाश जुळून यायचं. त्यानंतर अंगठा हळूहळू नाकाकडे आणायचा. एका जागी एकाचे दोन अंगठे होतात. तिथं थांबून टेप लावायची. पहिल्या दिवशी हे अंतर १६ सेंटिमीटर भरलं. शेवटी तळवे एकमेकांवर घासून, वाटीसारखे करून मिटल्या डोळ्यांवर धरायचे, बुबुळांवर दाब न देता. वाऱ्याचा आवाज तेवढा ऐकू येतो. डोळे किती शिणले होते, हे त्या अंधारातच कळतं.

न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ विल्यम बेट्स यांनी १९२०मध्ये पुस्तक लिहून व्यायामानं चष्मा घालवण्याची पद्धत जगभर नेली. त्यांचं म्हणणं असं की डोळ्याबाहेरचे स्नायू नेत्रगोलाला आवळून नजर जुळवतात. ते सैल केले की चष्मा सुटतो. मूळ चूक इथंच आहे. जवळचं पाहताना नजर जुळवतं ते डोळ्याच्या आतलं भिंग. आणि ऱ्हस्वदृष्टीत, म्हणजे उणे नंबरात, बहुतेकदा डोळाच मागेपुढे लांब झालेला असतो. साधारण २४ मिलिमीटरच्या डोळ्यात एका मिलिमीटरची वाढ म्हणजे जवळजवळ तीनचा नंबर. वाढलेली लांबी व्यायामानं मागे कशी जाणार? बेट्स यांचे अनुयायी सूर्याकडेही पाहायला सांगत. ते कुणीही करू नये. त्यानं डोळ्याचा पडदा कायमचा भाजू शकतो.

मी रोज आणखी एक माप घेत होतो. उणे पावणेदोनचा डोळा चष्म्याविना ५७ सेंटिमीटरपर्यंतच स्पष्ट पाहू शकतो. १०० भागिले १.७५, एवढाच हिशेब. चष्मा काढून ‘केकावली’ हळूहळू लांब न्यायची, अक्षरांच्या कडा फुटू लागल्या की टेप. पहिल्या दिवशी ५७. तिसऱ्या आठवड्यात ५६, मग ५८. शेवटच्या दिवशी ५७.

तरीही पाचव्या आठवड्यात एक गंमत झाली. झुणका-भाकरीच्या एका टपरीची पाटी मी चष्म्याविना, पूर्वीपेक्षा चार पावलं लांबून वाचली. क्षणभर छातीत धडधडलं. कोल्हापुरात जाऊन नंबर तपासला, तर तोच. मेंदू पुसट अक्षरांचा अर्थ लावायला शिकतो, पापण्या नकळत किलकिल्या होतात, पाण्याचा पातळ थर क्षणभर भिंगाचं काम करतो. ‘माझा चष्मा सुटला’ म्हणणारे खोटं बोलत नसतात. त्यांना खरंच जास्त वाचता येतं. डोळा मात्र तेवढाच लांब राहतो.

बदललं ते दुसरं माप. दोन अंगठे दिसायचं अंतर १६वरून ९ सेंटिमीटरवर आलं आणि संध्याकाळची डोकेदुखी जवळजवळ गेली. दोन्ही डोळे एकाच जागी वळवण्याची ताकद व्यायामानं वाढते, हे नेत्रतज्ज्ञही मानतात आणि त्यासाठी व्यायाम लिहूनही देतात. तेवढ्यासाठी मी तो पुढेही करणार आहे.

मुलांच्या बाबतीत उघड्यावर असण्याचं मोल याहून मोठं आहे. चीनच्या ग्वांगझूमध्ये पहिलीच्या मुलांना शाळेतच रोज ४० मिनिटं जादा मोकळ्यावर नेलं. २०१५मध्ये निष्कर्ष छापले गेले: तीन वर्षांत नव्यानं ऱ्हस्वदृष्टी आलेली मुलं ३०.४ टक्के, तर न नेलेल्यांत ३९.५ टक्के. चष्मा लागूच नये म्हणून गड चढण्याइतकं चांगलं काही मला तरी दिसत नाही. लागलेला चष्मा मात्र त्यानं उतरत नाही.

हे इतकं पोटतिडकीनं लिहितोय ते माझ्या भाचीमुळे. तिच्या उजव्या डोळ्याला मोठा नंबर होता आणि डावा चांगला, म्हणून घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. शाळेत तक्रार आली तेव्हा एका शिबिरात ‘चष्मा नको, व्यायाम करा’ सांगितलं गेलं. त्यात दोन वर्षं गेली. न वापरलेला डोळा मेंदूनं बाजूला टाकला. त्याला आळशी डोळा म्हणतात. सात-आठ वर्षांपर्यंत चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी हा इलाज सर्वांत चांगला लागू पडतो. ती नऊ वर्षांची झाली होती. आज चष्मा लावूनही त्या डोळ्यानं तिला तक्त्यातल्या खालच्या तीन ओळी दिसत नाहीत.

मूल शाळेत जाण्याआधी त्याचा एकेक डोळा झाकून नेत्रतज्ज्ञांकडून तपासून घ्या, आणि चष्मा सांगितला तर त्याच आठवड्यात करा.