नळाला लावलेली मोटर

१२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली गाडी लातूरला पोहोचली. दहा वाघिणी, प्रत्येकीत साधारण पन्नास हजार लिटर, म्हणजे एकूण पाच लाख. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८२ हजारांच्या आसपास होती. भागाकार केला तर माणशी सव्वा लिटर, तांब्याभर. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या येऊ लागल्या, तेव्हा तोच आकडा साडेसहा लिटरवर गेला. शहराला पाणी पुरवणारं मांजरा धरण आटलेलं होतं आणि पाणी भरायच्या ठिकाणांभोवती जमावबंदीचं १४४ कलम लागलं होतं.

नीतिशास्त्राची ओळख करून देताना रुळांवरून सुसाट सुटलेल्या ट्रामखालून कुणाला वाचवायचं, याचं उदाहरण देतात. फिलिपा फूट यांनी ते १९६७ मध्ये मांडलं. आपल्याला ट्राम कशाला हवी? आपली गाडी रुळांवरूनच आली होती, पाणी घेऊन.

मघाचा भागाकार ही एका विचारपद्धतीची सुरुवात आहे. जेरेमी बेंथमनं १७८९ च्या ग्रंथात मांडलेला उपयुक्ततावाद परिणाम मोजतो: कोणत्या वाटपानं एकूण दुःख सर्वात कमी होईल? प्रत्येकाचं दुःख सारख्याच मापानं मोजायचं, मग तो नगरसेवक असो की झोपडपट्टीतली बाई. मात्र सारखं मोजणं म्हणजे सारखं वाटणं नव्हे. ज्याच्या घरी बोअर चालू आहे त्याला पाच लिटर मिळाले काय, न मिळाले काय. ज्याच्या घरी बाळंतीण आहे त्याला तेच पाच लिटर लाखमोलाचे. अडचण पुढे येते. एकूण हिशेब जमावा म्हणून एखाद्या वस्तीला पार कोरडं ठेवलं, तर चालेल का? बेरीज हो म्हणू शकते. मन नाही म्हणतं, आणि मनाच्या त्या ‘नाही’ला कारण हवं.

ते कारण इमान्युएल कांट देतो आणि ते समजायला नळाची मोटर पुरते. लातूर काय, नांदेड काय, पाणी सुटायच्या वेळी गल्लीत घुर्रर्र आवाज सुरू झाला की सगळ्यांना कळतं: कुणीतरी नळालाच मोटर जोडली. त्याची टाकी भरते, शेवटच्या घराच्या नळातून नुसती हवा येते. ‘सगळ्यांनीच मोटर लावली तर?’ असं आपण म्हणतो, पण बहुतेकदा अर्धवट समजून. सगळ्यांचं नुकसान होईल, एवढंच म्हणायचं असेल तर तो पुन्हा परिणामांचाच हिशेब झाला. कांटचं बोट दुसरीकडे आहे. मोटरवाल्याचा फायदा होतो तोच मुळी इतरांनी मोटर लावलेली नसते म्हणून. त्याला नियम मोडायचा नाही. नियम इतरांनी पाळावा आणि आपल्याला तेवढी सूट मिळावी, असं त्याला हवं आहे. जे सगळ्यांसाठी नियम म्हणून मागता येत नाही, ते स्वतःसाठी मागू नये. १७८५ मधला हा विचार मला गल्लीतल्या भांडणात जितका स्वच्छ दिसतो, तितका पुस्तकात कधी दिसला नाही.

त्याच एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं पाणीटंचाईमुळे आयपीएल क्रिकेटचे ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितलं. तेव्हा ऐकू येणारा प्रतिवाद होता: मैदानाला पाणी मारलं नाही म्हणून ते लातूरला थोडंच येणार आहे? परिणामांपुरतं हे बरोबर. पण शेजारी सुतक असताना आपल्या दारात हलगी वाजवू नये म्हणतो, तेव्हा हलगी थांबल्यानं मेलेला माणूस परत येईल असा कुणाचा दावा नसतो. आपण कशा प्रकारची माणसं आहोत, हा तिथला प्रश्न. अॅरिस्टॉटलपासून चालत आलेला सद्गुणविचार तो हाच. प्रतिवाद खोटा नव्हता, भलत्याच प्रश्नाला दिलेलं उत्तर होतं.

असा गोंधळ टाळायचा तर युक्तिवाद कागदावर ओळीओळीनं मांडावा. त्या उन्हाळ्यात सर्वात जास्त ऐकलेला घेऊ. ऊस भरमसाठ पाणी पितो. लातूरला प्यायला पाणी नाही. म्हणून उसावर बंदी घाला.

दोन्ही आधारविधानं खरी धरली तरी निष्कर्ष निघत नाही; मधे दोन ओळी गाळल्या आहेत. एक वस्तुस्थितीची: उसाचं आणि शहराचं पाणी एकाच ठिकाणचं आहे. ही शिवारात जाऊन तपासता येते. कुणाचा ऊस कालव्यावर असतो, कुणाचा बोअरवर. दुसरी ओळ मूल्याची: पिण्याच्या पाण्याआड येणारा कुठलाही वापर बंद करायला हरकत नाही. ती कितीही आकडे आणून सिद्ध होत नाही. ‘आहे’ वरून ‘असावं’ वर उडी मारता येत नाही, हे डेव्हिड ह्यूमनं अठराव्या शतकातच दाखवलं. ती ओळ दुसऱ्या प्रसंगात घालून बघायची. मग बांधकामं बंद करायची? वीटभट्ट्या? कूलर? इथे जीभ अडखळली, तर ओळ जास्तच ऐसपैस झाली आहे, ती आवळावी लागेल.

‘तुझाच ऊस आहे, तू बोलूच नको’ हे मात्र कागदावर घ्यायचं नाही. बोलणाऱ्याचा स्वार्थ कळला म्हणून त्याचं म्हणणं खोटं ठरत नाही. नांदेडला पीपल्स कॉलेजात शिकवलेल्या नरहर कुरुंदकरांचं लेखन वाचताना हे शिकावं: विरोधकाची बाजू आधी त्याच्याहून नेटकी मांडायची, मग खोडायची.

तर उसवाल्याची बाजू नेटकी मांडू. आडसाली लागणीचा ऊस सोळा-अठरा महिने रानात असतो. ज्यानं लावला, त्यानं पाणी आटायच्या आधी लावला. आणि बांधावर उभं राहून तो विचारतो, ‘उसाला एफआरपी आहे, म्हणजे ठरलेला किमान भाव, आणि कारखाना उचल करतो. तुरीची कोण करतं, सांगा?’ हा प्रश्न विषयाला सोडून नाही. तो कागदावर आणखी एक आधारविधान म्हणून लिहावा लागतो. तो लिहिला की ‘बंदी घाला’ च्या पुढे ‘आणि नुकसान कुणी सोसायचं?’ ही रिकामी जागा उघडी पडते.