वरचे ५२ हजार नेमके कशाचे?

१९ सप्टेंबर २०२५ रोजी आयफोन १७ची विक्री सुरू झाली, तेव्हा मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ॲपलच्या दुकानाबाहेर लांबच लांब रांग लागली. २५६ जीबीच्या साध्या आयफोन १७ची किंमत होती ८२,९०० रुपये. तेवढ्याच जीबीच्या ‘प्रो’ला मात्र १,३४,९०० मोजायचे होते. पडदा दोन्हींचा ६.३ इंचांचाच. मग वरचे ५२ हजार जातात कुठे?

पडद्यावर तर नाहीतच. सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा पडदा आयफोनमध्ये २०२१पासून फक्त प्रो मालिकेलाच मिळत होता. या वेळी तो साध्या फोनलाही मिळाला.

खरा फरक आहे तो उष्णता आणि प्रकाशाच्या हाताळणीत. जड गेम किंवा बराच वेळ व्हिडिओ चित्रण चालू असलं की चिप तापते आणि जळू नये म्हणून आपला वेग कमी करते. प्रोमध्ये त्यावर उपाय म्हणून एक चपटा, सीलबंद कक्ष बसवला आहे. त्यातल्या किंचितशा पाण्याची चिपजवळ वाफ होते, ती थंड भागात जाऊन पुन्हा पाणी होते आणि सोबत नेलेली उष्णता तिथे सोडते. भात शिजताना झाकणाला थेंब धरतात, त्यामागचंच हे भौतिकशास्त्र.

प्रकाशाचं गणितही असंच. साध्या फोनला दूरचं टिपणारं वेगळं भिंग नाही. स्नेहसंमेलनात मागच्या रांगेतून मुलीचा नाच टिपायचा, तर तो सेन्सरवरच्या चित्राचा मधला भाग कापून मोठा करतो. त्या तुकड्यावर पडलेला प्रकाश थोडा, त्यामुळे चित्रात दाणे दिसतात. प्रोमध्ये त्यासाठी चौपट जवळ आणणारं स्वतंत्र भिंग आहे.

बॅटरी मात्र दोन्हींची झिजतेच. १,००० पूर्ण चार्जिंगनंतर तिची ८० टक्के क्षमता उरावी, अशी तिची रचना असल्याचं ॲपल सांगते. रोज एक चार्जिंग धरलं, तर ही झाली सुमारे पावणेतीन वर्षं. पण बॅटरी बदलता येते, तेवढ्यासाठी फोन बदलायची गरज नाही.

८२,९००चा फोन दोन वर्षांत बदलला, तर वर्षाला ४१,४५० रुपये पडतात. पाच वर्षं वापरला, तर १६,५८०. चित्रीकरणावर पोट असलेल्याला प्रोची किंमत परवडेल. बोलणं, व्हॉट्सॲप, यूपीआय आणि घरचे फोटो एवढंच काम असेल, तर वरचे ५२ हजार खर्चू नयेत.