थरथरणारा कॅमेरा आणि सर्वो मोटर
सोलापूरची भवानी पेठ यंत्रमागांच्या शहरातली. धोटा ठरल्या क्षणी ठरल्या ठिकाणी पोहोचला नाही तर कापड बिघडते, हे तेथील कारागिरास सांगावे लागत नाही. हौसेने बनवलेल्या यंत्रमानवाचा कॅमेरा फिरवणाऱ्या सर्वो मोटरचे, म्हणजे सांगितलेल्या कोनात जाऊन तेथेच टिकून राहणाऱ्या लहान मोटरचे, कामही असेच नेमके असते. तिला साधारणपणे दर 20 मिलिसेकंदांनी विजेचा एक स्पंद मिळतो; तो सुमारे 1.5 मिलिसेकंद टिकला तर दांडा मध्यावर थांबतो, आणि आतील पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवल्यावर विद्युतरोध बदलणारा घटक, प्रत्यक्ष कोन कळवत राहतो. कॅमेरा थरथरू लागला की दोष प्रोग्राममध्ये शोधण्यात वेळ वाया जातो. खरे तर पहिला संशय वीजपुरवठ्यावर घ्यावयास हवा. 9 ग्रॅमची सर्वोसुद्धा अडकल्यास अर्ध्या अँपिअरहून अधिक प्रवाह ओढू शकते आणि नियंत्रक बोर्डाचा विद्युतदाब क्षणभर कोसळतो. म्हणून मोटरला 5 व्होल्टचा स्वतंत्र पुरवठा द्यावा, मात्र हा पुरवठा आणि बोर्ड या दोन्हींच्या ग्राउंडच्या तारा एकत्र जोडाव्यात, अन्यथा स्पंद मोजण्यास समान आधार उरत नाही. तरीही थरथर थांबली नाही, तर कॅमेऱ्याचे वजन अक्षापासून दूर गेले आहे का, किंवा दांडा शेवटच्या टोकाला टेकूनही पुढे रेटला जात आहे का, हे पाहावे.