साकुराजिमाची राख आणि कागोशिमाची पालिका

सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हाच. पण तो थिजून सुमारे साडेसहा कोटी वर्षं झाली, त्यामुळे जागा ज्वालामुखी आपल्याला भेटतो तो बहुधा पडद्यावर: लाल ओघळ, किंकाळ्या, पळापळ. जपानमधल्या कागोशिमाकरांना तो घराच्या खिडकीतून दिसतो. खाडीपलीकडे, शहरापासून जेमतेम 4 किलोमीटरवर साकुराजिमा बेटाचा ज्वालामुखी धुमसत असतो आणि त्याच्या पायथ्याच्या वस्त्याही याच शहराच्या हद्दीत येतात. तिथल्या पालिकेचा कारभार पाहिला की आपल्या काही समजुती तपासून घ्याव्या लागतात.

गैरसमज: उद्रेक झाला की लगेच गाव रिकामं करायचं.

वस्तुस्थिती: साकुराजिमाचे लहानमोठे स्फोट काही वर्षी शेकड्यांनी झाले आहेत. दर वेळी उठून निघायचं म्हटलं तर तिथे कोणी राहूच शकणार नाही. म्हणून जपानची हवामान संस्था ज्वालामुखीच्या धोक्याची पातळी 1 ते 5 आकड्यांत जाहीर करते. 3 म्हणजे डोंगराकडे फिरकू नका, 4 म्हणजे वृद्ध आणि आजारी माणसांनी आधी निघा, 5 म्हणजे नेमून दिलेल्या वस्त्यांतल्या सर्वांनी निघा. साकुराजिमा बहुतेक काळ 3 वर असतो. त्या दिवसांत मुलं हेल्मेट घालून शाळेत जातात आणि उडून येणाऱ्या दगडांपासून आडोसा म्हणून काँक्रीटचे निवारे असतात.

गैरसमज: पातळी 5 म्हणजे सगळं बेट मोकळं.

वस्तुस्थिती: 24 जुलै 2022 च्या रात्री विवरातले दगड सुमारे अडीच किलोमीटरवर जाऊन पडले आणि पातळी थेट 5 झाली. पालिकेने बाहेर काढली ती अरिमुरा आणि फुरुसातो भागातली 33 कुटुंबं, म्हणजे 51 माणसं. तीन दिवसांनी पातळी पुन्हा 3 वर आली. कोणत्या वस्तीला कधी हलवायचं हे आधी ठरलेलं असलं, की बाकीच्यांना उगाच उठवावं लागत नाही.

गैरसमज: त्रास होतो तो लाव्हाचा; राख काय, झाडून टाकली की झालं.

वस्तुस्थिती: ही चुलीतली राख नव्हे. हा दगडाचा आणि काचेचा बारीक भुगा आहे. तो पाण्यात विरघळत नाही, भिजला की जड होतो आणि गटारात गेला की गटार तुंबवतो. त्यामुळे पालिका घरोघरी पिवळ्या पिशव्या फुकट देते. अंगणातली राख त्यांत भरून नेमलेल्या जागी ठेवायची, पालिकेची गाडी ती उचलते. रस्त्यांसाठी झाडणारी यंत्रं आहेत. पिशवीचं नावही ऐकण्यासारखं आहे: ‘कोकुहाईबुकुरो’, म्हणजे राखेवर मात करणारी पिशवी.

गैरसमज: इतका मोठा निर्णय टोकियोतूनच येत असणार.

वस्तुस्थिती: पातळी राष्ट्रीय संस्था ठरवते, पण ‘घर सोडा’ हा आदेश महापौर देतात. आपल्याकडे महानगरपालिकेत महापौरपद मानाचं, कारभाराची सूत्रं आयुक्तांच्या हाती. जपानमध्ये महापौर थेट लोकांनी निवडलेला असतो आणि आपत्ती कायद्याने ही जबाबदारी त्याच्यावर टाकली आहे. माणसं हलवायला लागणाऱ्या फेरीबोटीही कागोशिमा शहराच्याच मालकीच्या आहेत.

गैरसमज: शास्त्रज्ञ ठामपणे सांगेपर्यंत थांबावं.

वस्तुस्थिती: याची किंमत साकुराजिमाने मोजली आहे. जानेवारी 1914 मध्ये भूकंपाचे धक्के बसू लागले, विहिरींचं पाणी बदललं. गावप्रमुखाने वेधशाळेत विचारणा केली. उत्तर आलं, साकुराजिमाचा उद्रेक होणार नाही. बरेच लोक तरीही होड्यांत बसून निघून गेले, तर काहींनी त्या उत्तरावर भिस्त ठेवली. 12 जानेवारीला डोंगर फुटला. उद्रेक आणि त्या संध्याकाळचा भूकंप यांत मिळून 58 माणसं दगावली किंवा बेपत्ता झाली, आणि लाव्हाने बेट पूर्वेकडच्या मुख्य भूमीला जोडून टाकलं. दहा वर्षांनी गावाने दगडी स्तंभ उभारला. त्यावरचा मजकूर सांगतो की सिद्धांतावर विसंबू नका, लक्षणं दिसली की आधी निघायची तयारी करा.

आज बेटावर क्योतो विद्यापीठाची वेधशाळा आहे, तरी पालिका दरवर्षी स्थलांतराचा सराव घेते. अंदाज चुकला तरी पाय अडखळू नयेत, यासाठी. आणि तो स्तंभ इतकी वर्षं कुठे उभा राहिला? गावातल्या प्राथमिक शाळेच्या आवारात, हेल्मेट घालून येणाऱ्या मुलांच्या नजरेसमोर.