वाफेचा संसार (भाग 6): चाक गेले, बॉयलर राहिला

बोरगावच्या औद्योगिक वसाहतीत 1991 पासून रेमंडचा लोकरी कापडाचा कारखाना आहे. आजच्या कापड गिरणीतली यंत्रे विजेवर फिरतात. तरी कापड रंगवायचे, वाळवायचे, दाबून त्याला घडी धरायला लावायची, तर वाफ लागतेच. मागच्या भागात आपण नागपूरच्या एम्प्रेस मिलपाशी थांबलो होतो. तिथे 1877 साली वाफ चाके फिरवत होती. चाकाचे काम विजेने घेतल्यावरही बॉयलर का टिकला?

कारण पाण्याच्या स्वभावात आहे. एक किलो गार पाणी उकळीपर्यंत आणायला साधारण 100 किलोकॅलरी लागतात. त्या उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी 540. वाफ गार पत्र्याला टेकली की ही सगळी पुंजी तिथेच सोडते आणि पुन्हा पाणी होते. शिवाय वाफेचे तापमान दाबावर ठरते, म्हणजे दाब सांभाळला की रंगाच्या टाकीचा ताप एकसारखा राहतो. वाफ उष्णतेची हमाल आहे, आणि स्वस्तातली.

हे ज्यांना उमगले ते टिकले, ज्यांना नाही ते मागे पडले. आधी मागे पडलेल्यांची गोष्ट. इंग्लंडमधल्या गेन्सबरो गावी विल्यम मार्शल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कारखाना उभारला. त्यांच्या मागे जेम्स आणि हेन्री या मुलांनी तो वाढवला. बॉयलर, ओढून नेता येणारी वाफेची इंजिने, मळणीयंत्रे, चहाची यंत्रे असा त्यांचा माल हिंदुस्थानातही येई. पण कंपनीचे पोट मुख्यतः फिरणाऱ्या चाकावर होते. डिझेल आले, वीज आली, आणि 1930 च्या दशकात घराण्याच्या हातून कारभार गेला. त्या जागी आता ‘मार्शल्स यार्ड’ नावाचे बाजार संकुल आहे.

आपल्याकडचे घराणे उलट्या टोकाने सुरू झाले. ए. एस. भथेना हे इस्पितळांसाठी निर्जंतुकीकरणाची उपकरणे बनवत. 1966 मध्ये त्यांनी बेल्जियमच्या वान्सन कंपनीशी करार करून छोटे बॉयलर काढले. वेटोळ्या नळीतून पाणी फिरते, बाहेरून आच लागते. साठा थोडा, म्हणून वाफ झटकन तयार आणि स्फोटाची धास्तीही कमी. चाकाशी त्यांचा संबंधच नव्हता. ते पहिल्या दिवसापासून उष्णता विकत होते. माझ्या मते या कंपनीचे सारे नशीब त्या एका निवडीत आहे.

जावई रोहिंटन आगा यांनी धंदा पुण्याहून विस्तारला. तेलाचे भाव भडकल्यावर भाताचा कोंडा, उसाचे चिपाड जाळणाऱ्या बॉयलरना मोल आले. 1980 मध्ये ‘वान्सन’च्या नावाने चालणाऱ्या या भारतीय कंपनीचे नाव थरमॅक्स झाले.

1995 मध्ये कंपनी शेअर बाजारात आली आणि पुढच्याच वर्षी रोहिंटन गेले. मनुष्यबळ विभाग सांभाळणाऱ्या त्यांच्या पत्नी, भथेनांच्या कन्या अनू आगा अध्यक्षपदी बसल्या. सुमारे वर्षभराने मुलगाही अपघातात गेला. त्यातच मंदी आली. 400 रुपयांच्या घरातला शेअर 36 वर घसरला. एका भागधारकाने निनावी पत्र पाठवून त्यांना बोल लावले. पत्र त्यांना झोंबले. एरवी अशी पत्रे कचऱ्याच्या टोपलीत जातात! त्यांनी बाहेरचे सल्लागार बोलावले, संचालक मंडळ नव्याने बांधले आणि घरच्या माणसांना रोजच्या कारभारातून बाजूला केले. मालकी घराची, चालवणे नोकरदारांचे. मार्शल घराण्याला असा प्रसंग आला तेव्हा मालकीच हातची गेली होती. 2004 मध्ये कन्या मेहेर पदमजी अध्यक्ष झाल्या.

मोह यांनाही सुटला नाही. 2010 मध्ये बॅबकॉक अँड विल्कॉक्सबरोबर भागीदारी करून त्यांनी साताऱ्याकडे शिरवळला अवाढव्य वीजनिर्मितीच्या बॉयलरचा कारखाना काढला, म्हणजे शेवटी चाकाच्याच वाटेला गेले. कोळशावरच्या नव्या वीजकेंद्रांचा ओघ आटला, आणि 2018 मध्ये भागीदाराचा हिस्साही थरमॅक्सनेच घेतला.

(पुढील आठवड्यात: 1923 चा बॉयलर कायदा आणि इन्स्पेक्टरची हातोडी)