हवामान बदलाचे निर्देशक आणि पदवी स्तरावरील रसायन व भौतिकशास्त्रातील मूलभूत संकल्पना : सागरजलाच्या संदर्भात

प्रस्तावना :

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निर्देशानंतर पर्यावरण अभ्यास हा विषय कालांतराने पदवी स्तरावर अनिवार्य झाला. हवामान बदलाची चर्चा तेथे होते. मात्र ती बहुतांशी व्याख्या, करार आणि परिणामांची यादी या स्वरूपाची असते. समुद्रपातळी व सागरजलाचा सामू हे या बदलाचे प्रमुख निर्देशक होत. त्यांमागील विज्ञान शेजारच्याच वर्गात, भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राच्या तासाला, शिकविले जाते. परंतु या दोहोंची गाठ क्वचितच पडते. परिणामी आकडे पाठ होतात, अर्थ निसटतो, किंबहुना काही वेळा तो उलटाच लावला जातो. प्रस्तुत लेखात उपरोक्त दोन निर्देशकांच्या आधारे याचे विवेचन केले आहे.

सामू व चुन्याची निवळी :

औद्योगिक क्रांतीपूर्वी सागराच्या पृष्ठजलाचा सरासरी सामू, म्हणजेच पीएच मूल्य, सुमारे ८.२ होते, आज ते सुमारे ८.१ आहे. ०.१ हा फरक विद्यार्थ्याला नगण्य वाटतो, कारण सामू ही लॉगॅरिथमी श्रेणी आहे हे त्याने परीक्षेपुरतेच लक्षात ठेवलेले असते. दहाचा ०.१ वा घात सुमारे १.२६ येतो. अर्थात हायड्रोजन आयनांची संहती सुमारे २६ टक्क्यांनी वाढली आहे. सागरजल अद्याप अल्कधर्मीच आहे. ‘आम्लीकरण’ हा शब्द बदलाची दिशा दर्शवितो, सद्यःस्थिती नव्हे, हेही येथेच स्पष्ट करावे.

याहून बोलका प्रयोग शालेय आहे. चुन्याच्या निवळीत कार्बन डायऑक्साइड सोडल्यास ती दुधाळ होते. बहुतेक वर्गांत प्रयोग येथेच थांबतो. वायू तसाच सोडत राहिल्यास ती पुन्हा स्वच्छ होते, कारण कॅल्शियम कार्बोनेटचे विद्राव्य बायकार्बोनेटमध्ये रूपांतर होते. सागरातही विरघळलेला कार्बन डायऑक्साइड कार्बोनेट आयनांशी संयोग पावून बायकार्बोनेट तयार करतो. प्रवाळ व शिंपले यांना कवचासाठी लागणारे कार्बोनेट आयन त्यामुळे कमी होतात. मात्र परीक्षानळीतील दृश्य जसेच्या तसे सागरावर लादू नये. बहुतेक भागांतील पृष्ठजल कॅल्शियम कार्बोनेटच्या दृष्टीने अजूनही अतिसंपृक्त आहे. तेथे कवच लगेच विरघळत नाही, तर ते घडविणे जिवाला अधिक कष्टाचे होते. मालवणच्या सागरी अभयारण्यातील प्रवाळांचा उल्लेख या ठिकाणी औचित्यपूर्ण ठरेल.

तापमान वाढल्यास पाण्यातील वायूंची विद्राव्यता घटते. मग सागर कार्बन डायऑक्साइड शोषतो कसा, असा प्रश्न चाणाक्ष विद्यार्थी विचारतो. त्याचे उत्तर हेन्रीच्या नियमात आहे. वातावरणातील या वायूचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे २८० भागांवरून ४२० हून अधिक झाले आहे. आंशिक दाबातील ही वाढ तापमानाच्या परिणामावर मात करते.

प्रसरण व असंगत आचरण :

होपच्या उपकरणाद्वारे पाण्याचे असंगत आचरण शिकलेला विद्यार्थी ४ अंश सेल्सिअसचा नियम समुद्रालाही लावतो. हा नियम शुद्ध पाण्याचा आहे. सुमारे ३५ ग्रॅम प्रति किलोग्रॅम क्षारता असलेले सागरजल गोठणबिंदूपर्यंत अधिकाधिक घन होत जाते, आणि तापविल्यास प्रत्येक तापमानाला प्रसरणच पावते.

तथापि प्रसरणांक स्थिर नसतो. पृष्ठभागी २५ अंशांना तो सुमारे ०.०००३ प्रति अंश असतो. म्हणजे अशा पाण्याचा १०० मीटर जाडीचा थर १ अंशाने तापल्यास त्याची उंची सुमारे ३ सेंटिमीटर वाढेल. २ अंशांच्या थंड पाण्यात हीच वाढ १ सेंटिमीटरहूनही कमी भरेल. पाठ्यपुस्तकातील गणितांत प्रसरणांक स्थिर धरतात. सोयीसाठी ते क्षम्य असले तरी येथे तीच सोय मूळ मुद्दा झाकून टाकते.

तरंगता बर्फ वितळल्याने पातळी जवळपास वाढत नाही, हे आर्किमिडीजच्या तत्त्वावरून सिद्ध होते. वाढ होते ती जमिनीवरील बर्फाने. हवामान बदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार १९७१ ते २०१८ या काळातील पातळीवाढीपैकी सुमारे निम्मी वाढ औष्णिक प्रसरणाने झाली. वृत्तपत्रांतील छायाचित्रांत हिमनग दिसतात, हे प्रसरण दिसत नाही.

मुंबईच्या भरतीमापकाच्या १८७८ पासूनच्या नोंदी सागरपातळीच्या आंतरराष्ट्रीय संग्रहात उपलब्ध आहेत. वार्षिक सरासरींचा आलेख काढून लघुतम वर्ग पद्धतीने त्याचा उतार काढणे हे द्वितीय वर्षाच्या प्रात्यक्षिकात सहज बसणारे काम आहे. भरतीमापक पातळी मोजतो ती लगतच्या जमिनीच्या सापेक्ष. जमीन खचली वा उचलली गेली तरी उतार बदलतो. त्यामुळे आलेखाचा उतार जागतिक सरासरीशी जुळला नाही, तर प्रथम या सापेक्षतेचा विचार करावयास लावावा आणि मगच प्रसरणाकडे वळावे.